भटका आचार्य: बेला गुटमन

पोर्तुगालमधील बेन्फिका या विख्यात फुटबॉलसंघाला एका जुन्या प्रशिक्षकाचा शाप भोवतो आहे, ही कथा फुटबॉलप्रेमी मंडळींत सर्वश्रुत आहे. १९६२ सालच्या मे महिन्यात बेला गुटमन नावाच्या हंगेरियन प्रशिक्षकाने या संघास सलग दुसऱ्यांदा युरोपीय चषक मिळवून दिला. त्याने संचालकांकडे वाढीव मोबदला मागितला, तो नाकारला जाताच तो संघ सोडून गेला, आणि शंभर वर्षे या संघास युरोपचा चषक लाभणार नाही असे बजावून गेला, अशी ती कथा. त्यानंतर १९६३ पासून २०१४ पर्यंत बेन्फिका युरोपातील आठ अंतिम सामन्यांत उतरला आणि आठही हरला, हे मात्र निखळ सत्य होय. कथा मोठी चटकदार आहे. देवचाराच्या गोष्टी ऐकत लहानाचे मोठे झालेल्या आम्हां गोमंतकीयांना तर ती चटकन पटते.

आम्हांस ती पटत नाही. पटत नाही एवढेच नव्हे, तर या कथेने एका थोर शिक्षकावर मोठा अन्याय केला आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. भाताची कापणी झाली की ज्या प्रदेशात शेताशेतांतून गोलाचे खांब उभे राहतात, तेथील शाळेच्या वार्षिकात या शिक्षकाविषयी चार शब्द लिहिले गेले तर ते अस्थानी ठरू नयेत.

गुटमन यांचा जन्म १८९९ साली बुडापेस्ट येथे एका ज्यू कुटुंबात झाला. आईवडील दोघेही नृत्यशिक्षक होते, आणि मुलानेही सोळाव्या वर्षी नृत्यशिक्षकाची पात्रता मिळविली. (पुढे त्यांचे संघ ज्या लयीत चेंडू खेळवीत, तिचे मूळ कोणी या घरात शोधू लागला तर आम्ही हरकत घेणार नाही.) पण तरुण बेलाचे मन रमले ते चेंडूत. बुडापेस्टच्या एम. टी. के. या बलाढ्य संघात मध्यफळीचा खेळाडू म्हणून त्यांनी नाव कमावले. तथापि पहिल्या महायुद्धानंतर हंगेरीत ज्यूद्वेषाची लाट उसळली होती. विद्यापीठांतील ज्यू विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा घालणारा कायदाच १९२० साली तेथे झाला. अशा हवेत गुटमन यांनी मायदेश सोडला आणि ते व्हिएन्नाच्या हाकोआ या ज्यू संघात दाखल झाले. हाकोआ या हिब्रू शब्दाचा अर्थ बळ असा आहे. १९२५ साली हा संघ ऑस्ट्रियाचा विजेता ठरला.

स्वभावाचा तिखटपणा त्या वेळीही होताच. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला हंगेरीच्या संघाबरोबर खेळाडूंपेक्षा अधिकारीच अधिक आले होते, आणि उतरण्याची व्यवस्था रात्रभर गोंगाट चालणाऱ्या वस्तीत केली होती. गुटमन यांनी मेलेले उंदीर शेपट्यांनी बांधून अधिकाऱ्यांच्या खोल्यांच्या दारांवर टांगले, असे सांगतात. या प्रकाराचे आम्ही समर्थन करीत नाही. मात्र संघाच्या खर्चाने प्रवास करणारे अधिकारी ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हसू आवरणे कठीण जाईल.

१९२६ साली हाकोआ संघ अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला. न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्स मैदानावर त्यांचा एक सामना पाहण्यास ४६,००० लोक लोटले. संघातील कित्येक खेळाडू त्या देशातच राहिले, त्यांत गुटमनही होते. तेथे पैसा मिळाला, आणि १९२९ साली शेअरबाजार कोसळला तेव्हा तो गेलाही. पुढे युरोपात परतून त्यांनी प्रशिक्षकाचा पेशा पत्करला. आधी हाकोआ, मग हॉलंडमधील एन्सखेदे, पुन्हा व्हिएन्ना. १९३८ च्या मार्चमध्ये हिटलरच्या सैन्याने ऑस्ट्रिया गिळंकृत केला आणि हाकोआ हा संघच कागदावरून पुसून टाकण्यात आला. गुटमन बुडापेस्टला आले. १९३९ साली त्यांच्या हाताखालील उयपेश्त संघाने हंगेरीचे विजेतेपद पटकाविले, आणि त्याच वर्षी मध्य युरोपातील संघांसाठी असलेला मित्रोपा चषकही जिंकला. कोणत्याही देशात अशा माणसाची मिरवणूक निघाली असती. त्या वेळच्या हंगेरीत मात्र ज्यूंना व्यवसायांतून हुसकून लावणारे कायदे एकामागून एक होत होते.

येथून पुढे पाच-सहा वर्षे गुटमन यांच्या चरित्रात अंधार आहे. पुष्कळ वर्षे असा समज होता की, युद्धकाळ त्यांनी तटस्थ स्वित्झर्लंडमध्ये सुखाने घालविला. स्वतः गुटमन यांनी त्या दिवसांविषयी जवळजवळ मौनच पाळले. २०१७ साली डेव्हिड बोल्कोव्हर यांनी लिहिलेले चरित्र प्रसिद्ध झाले, तेव्हा खरी हकीकत जगापुढे आली. १९४४ च्या मार्चमध्ये जर्मन सैन्य हंगेरीत शिरले, आणि काही महिन्यांत लक्षावधी ज्यूंना आगगाडीच्या मालडब्यांत कोंबून आउश्विट्झला नेण्यात आले. गुटमन तेव्हा उयपेश्त येथे एका पोटमाळ्यावर लपून राहिले होते. ज्यू नसलेल्या त्यांच्या भावी पत्नीच्या माहेरच्यांनी त्यांना आसरा दिला होता. पुढे ते सक्तमजुरीच्या छावणीत सापडले. तेथे ज्या खेळाच्या मैदानांवर त्यांनी नाव कमावले होते, त्या मैदानांशी काही संबंध नसलेली कामे आणि पहारेकऱ्यांचा मार हेच त्यांच्या वाट्याला आले. डिसेंबर १९४४ मध्ये, देशाबाहेर नेले जाण्याच्या बेतात असताना, त्यांनी काही सोबत्यांसह खिडकीतून उडी टाकून सुटका करून घेतली. त्या सोबत्यांत एर्नो एर्बस्टाइन होते. हे एर्बस्टाइन पुढे इटलीच्या तोरिनो संघाचे प्रशिक्षक झाले, आणि ४ मे १९४९ रोजी सुपेर्गाच्या टेकडीवर विमान आदळून अख्खा तोरिनो संघ मृत्युमुखी पडला, त्यात तेही गेले. गुटमन यांचे वडील, बहीण आणि अनेक आप्त मात्र त्या संहारातच मारले गेले होते.

त्यावेळी गुटमन पंचेचाळीस वर्षांचे होते. ज्या यशासाठी आज त्यांचे नाव घेतले जाते, ते बहुतेक सर्व यानंतरचे आहे, ही गोष्ट आम्हांस फार मोठी वाटते. ज्या शहराने त्यांना डोक्यावर घेतले होते, त्याच शहरातील शेजारीपाजारी त्यांना धरून द्यावयास तयार होते. असा अनुभव घेतलेला मनुष्य पुढे कोणत्याही संघाच्या, नगराच्या वा संचालकमंडळाच्या गोड शब्दांवर विसंबला नाही, तर त्यात नवल ते काय? त्यांच्या 'हट्टीपणा'विषयी लिहिणारे पुष्कळ आहेत. त्या हट्टामागचा हा पोटमाळा मात्र फारच थोड्यांनी पाहिला.

युद्ध संपल्यावर त्यांनी जी भटकंती केली तिची नुसती यादीही थक्क करणारी आहे. रुमानियात बुखारेस्टच्या एका संघाकडे त्यांनी पगार पैशांत नव्हे, तर अन्नधान्याच्या रूपात मागितला, असे सांगतात. नोटांना किंमत उरली नव्हती, तेव्हा हा व्यवहार शहाणपणाचाच म्हटला पाहिजे. उयपेश्तला पुन्हा १९४७ चे विजेतेपद मिळवून देऊन ते किश्पेश्त संघाकडे गेले. तेथे फेरेन्त्स पुश्काश हा तरुण खेळाडू होता, जो पुढे जगद्विख्यात झाला. एका सामन्यात धसमुसळेपणा करणाऱ्या आपल्याच खेळाडूला उत्तरार्धात मैदानात उतरू नये असे गुटमन यांनी सांगितले. पुश्काशने त्याला उतरावयास लावले. गुटमन मुकाट्याने प्रेक्षकांत जाऊन बसले, सामना संपल्यावर ट्रामने घरी गेले आणि त्या संघाकडे पुन्हा फिरकले नाहीत. शिस्त मोडणारा खेळाडू कितीही मोठा असो, ती मोडू द्यावयाची नाही, हा त्यांचा बाणा होता. आमच्या मते त्या दिवशी गुटमन यांचेच बरोबर होते.

पुढे इटलीत पादोव्हा व त्रिएस्ते, आर्जेंटिनात किल्मेस, सायप्रसचे बेट, आणि मग १९५३ साली मिलान. मिलानची हकीकत जरा सविस्तर सांगण्याजोगी आहे. १९५५ च्या फेब्रुवारीत हा संघ इटलीच्या स्पर्धेत अग्रस्थानी असताना संचालकांनी गुटमन यांना बडतर्फ केले. संघ पुढे त्या वर्षी विजेताही ठरला. त्यानंतर गुटमन यांनी आपल्या करारात एक कलम घालून घेण्याचा आग्रह धरला की, संघ अग्रस्थानी असताना आपणांस काढता येणार नाही. हे कलम वाचून लोक हसतात. आम्हांस त्यात हसण्यासारखे काही दिसत नाही. परमुलखात मनुष्याला भाऊबंद नसतात, मतदार नसतात, आणि पडत्या काळात बाजू घेणारे वर्तमानपत्रही नसते. त्याच्या हाती असतो तो केवळ कागद. तो कागद नीट लिहून घेणाऱ्यास कंजूष ठरविणे हा शहाणपणा नव्हे.

हंगेरीत १९५६ चा उठाव झाला, तेव्हा परदेशी असलेल्या होन्वेद संघाबरोबर गुटमन दक्षिण अमेरिकेच्या दौऱ्यावर गेले आणि १९५७ साली ब्राझीलच्या साव पावलो संघाचे प्रशिक्षक म्हणून तेथेच राहिले. भाषा फारशी येत नव्हती. चेंडू एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे कसा झटपट गेला पाहिजे हे ते 'पिंग-पँग-पाँग' अशा ध्वनींनी समजावीत, असे सांगतात. हे वाचून आम्हांस त्यांचे नृत्यशिक्षक आईवडील आठवले. बचावास चार, मध्ये दोन आणि आघाडीस चार अशी मांडणी हंगेरियन पद्धतीतून फुललेली होती आणि गुटमन तिचे कट्टर पुरस्कर्ते होते. साव पावलोने त्या वर्षी राज्याचे विजेतेपद जिंकले. त्या संघात त्यांचे साहाय्यक असलेले व्हिसेंते फेओला हेच १९५८ साली विश्वचषक जिंकणाऱ्या ब्राझीलचे प्रशिक्षक होते आणि त्यांचा संघ याच मांडणीने खेळला. हे सारे श्रेय एकट्या गुटमन यांच्या पदरात टाकणे अतिशयोक्तीचे होईल, कारण ब्राझीलमध्ये या दिशेने इतरांचेही प्रयत्न चालू होते. पण गुरुदक्षिणेचा काही वाटा त्यांना निश्चित पोचतो.

आता पोर्तुगाल. १९५८ साली गुटमन पोर्तो संघाकडे आले आणि त्याच हंगामात त्यांनी त्याला देशाचे विजेतेपद मिळवून दिले. पुढच्याच वर्षी ते लिस्बनच्या बेन्फिकाकडे गेले. तेथे आल्याबरोबर त्यांनी सुमारे वीस खेळाडूंना निरोप दिला आणि तरुणांना संधी दिली. निर्णय कठोर होता, काहींवर त्यात अन्यायही झाला असेल. परंतु १९६० आणि १९६१ अशी लागोपाठ दोन वर्षे बेन्फिका देशात पहिला आला. प्रतिस्पर्ध्याने गोल केले तर करू देत, आपण त्याहून एक अधिक करू, ही त्यांची वृत्ती होती.

३१ मे १९६१ रोजी बेर्न येथे युरोपीय चषकाच्या अंतिम सामन्यात बेन्फिकाने बार्सेलोनास ३-२ असे हरविले. समोरच्या संघात कोश्चिश, चिबोर व कुबाला हे तिघे देश सोडून आलेले हंगेरियन होते, आणि कोश्चिश व चिबोर यांनी याच मैदानावर १९५४ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना त्याच ३-२ फरकाने गमावला होता. दुसऱ्या वर्षी, २ मे १९६२ रोजी अॅम्स्टरडॅम येथे समोर रेआल माद्रिद होता आणि त्यात पुश्काश होता, तोच किश्पेश्तचा पुश्काश. त्याने पूर्वार्धातच तीन गोल केले आणि मध्यंतरास माद्रिद ३-२ असा पुढे होता. उत्तरार्धात बेन्फिकाने तीन गोल करून सामना ५-३ असा जिंकला. त्यांतील अखेरचे दोन गोल युसेबिओ या वीस वर्षांच्या मुलाचे होते. मोझांबिकमधील लोरेन्सो मार्किश, म्हणजे आजचे मापुतो, येथून हा मुलगा आला होता. ब्राझीलचे जुने खेळाडू बावेर यांच्याकडून त्याची माहिती गुटमन यांच्या कानी पडली, तीही म्हणे केशकर्तनालयात.

या दोन तारखांच्या मध्ये आणखी एक तारीख येते, ती आम्ही विसरू शकत नाही. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा पोर्तुगिजांच्या सत्तेतून मुक्त झाला. पहिला चषक बेन्फिकाने जिंकला तेव्हा आमचा प्रदेश सालाझारच्या साम्राज्याचा भाग म्हणविला जात होता. दुसरा जिंकला तेव्हा तो स्वतंत्र भारताचा भाग होता. बेर्न येथे खेळलेल्या अकरा जणांत गोलरक्षक कॉस्ता परेरा व कोलुना हे मोझांबिकमध्ये, तर आग्वाश व सांताना हे अंगोलात जन्मलेले होते. त्याच वर्षी अंगोलात स्वातंत्र्याचा सशस्त्र लढा पेटला होता. लिस्बनचे राज्यकर्ते या खेळाडूंकडे बोट दाखवून आपले साम्राज्य किती एकजीव आहे हे जगाला सांगत. साम्राज्याची ही शोभा ज्याने घडविली, तो मनुष्य स्वतः कोणत्याच साम्राज्याचा नव्हता. वंशाच्या शिक्क्यापायी त्याचे घरदार गेले होते. त्याने खेळाडूचा रंग पाहिला नाही, पाय पाहिले. एवढी गोष्ट बेन्फिकाचा उल्लेख करताना आम्ही गोमंतकीयांनी तरी लक्षात ठेवावी.

आता शापाकडे वळू. अॅम्स्टरडॅमच्या विजयानंतर गुटमन यांनी अधिक मोबदला मागितला. करारात तशी तरतूद नाही म्हणून तो नाकारण्यात आला. आणि ते उरुग्वेच्या पेन्यारोल संघाकडे निघून गेले. मागणी करारापलीकडची होती, तेव्हा संचालक कायद्याने बरोबर असतील. पण दोन वेळा युरोप जिंकून देणाऱ्याशी केवळ कागदावर बोट ठेवून बोलणे हे औदार्याचे लक्षण नव्हे. शापाच्या शब्दांना त्या काळचा भक्कम पुरावा नाही. ते नंतर कथेत शिरले असावेत, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. आमचा आक्षेप आणखी साधा आहे. १९६५ साली हेच गुटमन पुन्हा बेन्फिकाचे प्रशिक्षक झाले आणि एक हंगाम राहिले. शाप देऊन गेलेला ऋषी तीन वर्षांनी त्याच आश्रमात नोकरीस येतो काय?

आणि हरलेले सामने पाहावे. १९६३ साली मिलानविरुद्ध कोलुना जखमी झाला. बदली खेळाडूची सोय त्या काळी नव्हती. १९६५ चा अंतिम सामना इंटरविरुद्ध होता, आणि तो इंटरच्याच घरच्या मैदानावर खेळविला गेला. पावसाने चिखल झाला होता, गोलरक्षक कॉस्ता परेरा जखमी झाला आणि बचावफळीतील जेर्मानोला गोलात उभे राहावे लागले. १९६८ साली मँचेस्टर युनायटेडशी गाठ पडली ती लंडनच्या वेम्बली मैदानावर, आणि सामना जादा वेळेत गेला. १९८८ साली पेनल्टी हुकली. चिखल, दुखापत, परके मैदान आणि हुकलेली पेनल्टी एवढी कारणे पुढ्यात असताना शंभर वर्षांचा शाप कशाला हवा? एका संघाने अर्ध्या शतकात आठ वेळा अंतिम सामन्यापर्यंत मजल मारली, हा त्या संघाच्या बळाचाच पुरावा आहे. या बळाचा पाया घालणाऱ्यांत गुटमन होते. जे त्यांचे कर्तृत्व, तेच त्यांच्या नावाने अपशकुन म्हणून सांगितले जाते.

गुटमन एका ठिकाणी फार काळ टिकले नाहीत, हा त्यांच्यावरील दुसरा आक्षेप. तिसरे वर्ष प्रशिक्षकास घातक असते, असे ते स्वतःच मानीत. खेळाडूंना त्याच्या शब्दांची सवय होते आणि धार जाते. ही त्यांची समजूत सर्वथा बरोबर होती असे आम्ही म्हणणार नाही. एकाच शाळेत तीस वर्षे शिकवूनही ज्यांची धार गेली नाही असे गुरुजन असतात. पण बाहेरून येणाऱ्यास ही कसोटी लावण्यापूर्वी आपण स्वतःकडेही पाहावे. मुक्तीनंतर आमच्या खेड्यापाड्यांत मराठी शाळा निघाल्या, तेव्हा गोव्याबाहेरून अनेक शिक्षक आले. परक्या गावात भाड्याच्या खोलीत राहून त्यांनी दोन पिढ्यांना अक्षरओळख करून दिली. त्यांतील काही येथेच स्थायिक झाले, काही चार वर्षांनी बदली घेऊन परतले. जे परतले त्यांनी शिकविलेली अक्षरे मुलांच्या हातून पुसली गेली नाहीत. तरीही 'तो काय, बाहेरचा. जाणारच होता' हे वाक्य आपण किती सहजपणे उच्चारतो! बाहेरून येणाऱ्यास जे वेतन ठरते ते वेळेवर देणे, त्याच्या कामात लुडबूड न करणे आणि तो निघताना त्याचे आभार मानणे, एवढे तरी यजमानाचे कर्तव्य आहे. गुटमन यांच्या वाट्यास हे तिन्ही क्वचितच एकत्र आले.

ते निर्दोष होते असे नाही. त्यांचा अहंकार मोठा होता, भांडण त्यांना लवकर सापडे, आणि नंतरच्या वर्षांत ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, ग्रीस व पुन्हा पोर्तुगाल अशा फेऱ्यांत पूर्वीचे तेज दिसले नाही. २८ ऑगस्ट १९८१ रोजी व्हिएन्ना येथे त्यांचे निधन झाले.

१९९० सालचा युरोपीय चषकाचा अंतिम सामना योगायोगाने व्हिएन्नातच होता. बेन्फिका मिलानविरुद्ध उतरणार होता. सामन्यापूर्वी युसेबिओ गुटमन यांच्या थडग्यापाशी गेला आणि शाप मागे घ्यावा म्हणून त्याने प्रार्थना केली, असे सांगतात. बेन्फिका ०-१ असा हरला. वर्तमानपत्रांनी साहजिकच शापाची बातमी केली. आम्हांस मात्र त्या प्रसंगी मापुतोच्या गरीब वस्तीतून आलेला, तोवर जगन्मान्य झालेला एक शिष्य आपल्या जुन्या गुरूच्या समाधीपुढे उभा असलेला दिसतो.

२०१४ साली बेन्फिकाने आपल्या लिस्बनच्या क्रीडांगणावर गुटमन यांचा पुतळा बसविला. त्याच्या दोन हातांत दोन चषक आहेत. त्याच वर्षी मे महिन्यात तुरीन येथे सेव्हियाविरुद्धचा अंतिम सामना बेन्फिकाने पेनल्टींवर गमावला, आणि दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत पुन्हा शापच होता.